बिनभिंतींचा तुरुंग आणि आपली मुले



मुले बिघडली की आपण शाळेला बोल लावतो. पण शाळेत मूल्यशिक्षण नाही असे नाही. रोजच्या परिपाठात प्रार्थना, सुविचार, बोधकथा होतात. श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, वक्तशीरपणा ही मूल्ये मुलांना तोंडपाठ असतात. तरी मधल्या सुटीत मारामारी होतेच.

याचे उत्तर आटपाडीच्या माळावर सापडते. हा भाग पूर्वी औंध संस्थानात होता. १९३९ साली राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी, पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या साहाय्याने, येथे ‘स्वतंत्रपूर’ ही कैद्यांची मुक्त वसाहत वसवली. गंभीर गुन्ह्यांची शिक्षा झालेली माणसे येथे उंच भिंतींशिवाय राहिली, शेती करू लागली, बायकामुलांसह संसार करू लागली. याच तालुक्यातील माडगुळ्याच्या ग. दि. माडगूळकरांनी त्यावरून कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. १९५८ च्या बर्लिन महोत्सवात त्याला आंतरराष्ट्रीय कॅथोलिक चित्रपट संघटनेचाही पुरस्कार मिळाला, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

संत जॉन बॉस्को यांची अशीच एक हकीकत सांगतात. १८५५ मध्ये तुरीन शहरातील सुधारगृहाच्या मुलांना त्यांनी एक दिवस सहलीला नेले. बरोबर एकही पहारेकरी नव्हता. संध्याकाळी सगळी मुले परतली. त्यांची शिक्षणपद्धती विवेक, धर्म आणि ममता या तीन गोष्टींवर उभी होती. शिक्षा करण्याची वेळच येऊ नये म्हणून शिक्षकाने मुलांत मिसळावे, त्यांच्याबरोबर खेळावे, असा त्यांचा आग्रह असे.

जक्कयाचेही तसेच झाले. प्रभू येशू त्याच्या घरी उतरला तेव्हा तो अजून सुधारलेला नव्हता. विश्वास आधी मिळाला, चौपट परतफेडीचे बोल नंतर निघाले. आपण मात्र उलटे करतो. मूल आधी चांगले वागू दे, मग विश्वास ठेवू, असे म्हणतो. (यात धर्मशिक्षण देणारे आम्हीही आलोच.)

म्हणून एक सुचवावेसे वाटते. येत्या रविवारी धर्मशिक्षण वर्गाच्या कपाटाची किल्ली सर्वांत खोडकर मुलाकडे द्यावी. हरवेल? कदाचित हरवेल. मग दुसरी करून घ्यावी आणि तीही त्याच्याच हाती द्यावी.