आंब्याच्या जाती आणि साका

नाशिककडील द्राक्षबागाइतदारांस हे ठाऊक आहे की, ज्या दमट हवेत थॉमसन सीडलेस जातीची वेल रोगाने हैराण होते, तीच हवा अमेरिकी वंशाची बेंगलोर ब्लू जात पुष्कळ अंशी सोसते. आपल्या मालवण-वेंगुर्ले किनाऱ्यावर द्राक्षाची बाग नाही. परंतु असा जातिभेद आपल्या आंब्यातही आहे, व त्याचा संबंध थेट आपल्या पेटीच्या दराशी येतो.

हापुसास साका होतो. फळ बाहेरून निर्दोष दिसते, वासही उत्तम येतो. कापले असता बाठ्याजवळचा गर पांढुरका, भुसभुशीत व आंबट निघतो. भुरी किंवा करपा हे बुरशीचे रोग असल्यामुळे वेळेवर औषध फवारून ते आटोक्यात ठेविता येतात. साका हा बुरशीचा रोग नव्हे, फळाच्या अंगचा विकार आहे, म्हणून तेथे फवारा चालत नाही. फळ झाडावर फार पिकू दिल्यास बाठ्यातील बी रुजण्याच्या तयारीस लागते व भोवतालच्या गरातील पाणी ओढून घेते, असे बंगळूर येथील संशोधकांनी दाखविले आहे. तापलेल्या जमिनीची धग हेही एक कारण मानितात. आपल्या कातळावरील बागांस ती किती लागते हे निराळे सांगावयास नको.

नीलम जातीस मात्र हा विकार होत नाही. हा गुण हेरून वेंगुर्ले येथील फळ संशोधन केंद्राने नीलम व हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ ही जात काढिली व ती १९८१ साली प्रसृत झाली. हिच्यात साका नाही, गरात रेषा नाही, व फळ हापुसाहून मोठे असते. पुढे रत्नाचा पुन्हा हापुसाशी संकर करून १९९२ साली ‘सिंधू’ ही पातळ बाठ्याची जात दिली.

मग सर्व हापूस तोडून रत्ना लावावी काय? आमचे तसे म्हणणे नाही. हापुसाचा स्वाद रत्नास पुरता साधत नाही, आणि २०१८ साली मिळालेले भौगोलिक मानांकन हापुसाचे आहे. रत्ना त्या नावाने विकणे ही लबाडी होय. परंतु नवी लागवड करिताना सारे क्षेत्र एकाच जातीखाली घालणे आम्हांस धोक्याचे वाटते. उताऱ्यावर बहुधा नुसते ‘आंबा’ एवढेच लिहिलेले असते. कलमे कोणत्या जातीची, याचा हिशेब बागाइतदारानेच ठेवावयाचा आहे. दर दहा कलमांत दोन-तीन रत्नाची असावीत, असा आमचा अभिप्राय आहे.

उभ्या हापुसासाठी उपाय एवढाच की, फळ चौदा आणे तयार होताच झेल्याने देठासह उतरावे, सकाळी दहाच्या आत किंवा दुपारी चारनंतर. उतरलेले फळ क्षणभरही उन्हात ठेवू नये, आणि झाडाखाली वाळलेल्या गवताचे आच्छादन फळे तयार होण्यापूर्वीच पसरून घ्यावे.