‘पर्सोना’ घेऊ की ‘टेल्स’?

प्रश्न : सुट्टीत एकच जपानी रोल-प्लेइंग गेम घ्यायचा आहे. ‘पर्सोना ५ रॉयल’ घेऊ की ‘टेल्स ऑफ अराइज’?

उत्तर : माझं मत ‘पर्सोना’ला. टोकियोतलं शाळेचं वर्ष त्यात दिवसागणिक जगायचं असतं. दुपारी अभ्यास करायचा, मित्राला भेटायचं की कामावर जायचं, हे तुम्हीच ठरवता. आणि जुळलेली मैत्री लढाईत नवी ताकद देते. हे फार सुंदर जमलंय! लढाई आळीपाळीने होते, त्यामुळे विचाराला सवड मिळते. मात्र शंभरेक तास हाताशी हवेत. तेवढे नसतील, बोटं चपळ असतील, तर २०२१ चा ‘अराइज’ घ्या. वेदना न जाणवणारा आल्फेन आणि जिला स्पर्श करणाऱ्याला वेदना होतात ती शिऑन, ही जोडी मनात घर करते. उत्तरार्धात संवाद लांबतात, तिथे धीर धरा.