स्पीकरच्या बॉक्समध्ये काय भरायचं आणि किती?

घरी स्पीकर बनवून विकायचे ठरवलेल्यांसाठी हा धडा. बॉक्सच्या आत जे भरतो ते गिऱ्हाइकाला दिसत नाही, म्हणून बरेच जण हाताला लागेल ते कोंबतात. पण आवाज त्याला ऐकू येतोच, आणि दुसरी ऑर्डर त्यावरच ठरते.

खरेदीआधी दुखणं ओळखा. बॉक्सला दोन वेगळे त्रास असतात आणि दोघांचं औषध वेगळं.

पहिला त्रास : आतली हवा घुमते

आवाज समोरासमोरच्या भिंतींवर आपटतो आणि ठरावीक सूर फुगतात. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. बॉक्सची आतली उंची ६० सेंटीमीटर असेल, तर पहिला सूर सुमारे २८६ हर्ट्झला फुगतो. माणसाचा आवाज याच पट्ट्यात येतो, म्हणून बातम्या मडक्यातून ऐकल्यासारख्या वाटतात.

यावर मऊ, हवा आरपार जाऊ देणारा माल लागतो : उशीत भरतात तो पॉलिएस्टर फायबर, ग्लासवूल किंवा जाड फेल्ट. फोम घेताना फुंकर मारून बघा, हवा पलीकडे गेली तरच घ्या. थर्माकोलचा इथे उपयोग नाही. ग्लासवूलने खाज सुटते. मास्क, हातमोजे घाला आणि वरून पातळ कापड लावा. घरातच काम करत असाल तर पॉलिएस्टर बरा.

दुसरा त्रास : लाकूड थरथरतं

इथे फायबर कितीही भरा, फरक पडत नाही. बोट वाकवून बॉक्सवर ठोका. 'ठक्' आलं तर ठीक. आवाज गुंजत राहिला तर आतून आडवी पट्टी मारा, किंवा गाडीच्या दारात लावतात तशी डांबरी शीट चिकटवा.

किती भरायचं?

सीलबंद बॉक्स : सगळीकडे सैलसर भरा. लिटरला ८ ग्रॅमपासून सुरुवात करा, म्हणजे २० लिटरला १६० ग्रॅम. असा भरलेला बॉक्स स्पीकरला थोडा मोठा असल्यासारखा वागतो, हा वरचा फायदा.

पोर्टवाला बॉक्स : भिंतींना २-३ सेंटीमीटरचा थर पुरे. पोर्टचं तोंड आणि त्याच्यासमोरची जागा मोकळी ठेवा, नाहीतर बास मरतो.

दोन्हीत सुटे तंतू स्पीकरच्या कोनला लागू देऊ नका.

आता धंद्याची गोष्ट

'दोन मुठी' हे माप नव्हे. स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा. जोडीतल्या दोन्ही बॉक्समध्ये एकच माल, तेवढेच ग्रॅम. वहीत मॉडेल, लिटर, माल, ग्रॅम आणि किलोचा दर लिहा. यातून बॉक्समागे नेमका खर्च कळतो आणि दहावी जोडीही पहिलीसारखीच वाजते. दुकान बदललं, तर पुन्हा ऐकून खात्री करा.

गृहपाठ

एक सीलबंद बॉक्स रिकामा ठेवून पुरुषाच्या आवाजातलं भाषण ऐका. मग २०-२० ग्रॅम वाढवत तेच भाषण पुन्हा पुन्हा ऐका. शब्द मोकळे झाले की थांबा. आवाज मेल्यासारखा वाटू लागला तर एक पायरी मागे या. तो आकडा वहीत लिहा. त्या मॉडेलची तुमची रेसिपी तीच.