हेलिकॉप्टरचं टोकन देण्याआधी

नवं खासगी हेलिकॉप्टर बनवणाऱ्या कंपनीचे शेअर घ्या, नाहीतर आत्ताच टोकन देऊन नंबर लावा, असा प्रस्ताव घेऊन कुणी जालना जिल्ह्यात जाफराबादला, टेंभुर्णीला किंवा माहोऱ्याला आलं, तर ऐकून जरूर घ्यावं. हो मात्र लगेच म्हणू नये. आपल्याकडे बीजोत्पादनातून आणि जमिनीच्या व्यवहारातून हातात येणारा पैसा कष्टाचा असतो. प्रश्न विचारले म्हणून कुणा होतकरू माणसाचे पाय ओढले असं होत नाही. ज्याचं काम खरं आहे, त्याच्याजवळ उत्तरं तयार असतात.

सुरुवात एकाच प्रश्नाने करा: उडालं का? संगणकावरचं चित्र, प्रदर्शनात मांडलेला चकचकीत सांगाडा, आतल्या गुबगुबीत सीटा यांना उड्डाण म्हणत नाहीत. सलग, न कापलेलं चित्रीकरण मागा. किती उंच गेलं, किती वेळ तरंगलं, किती वजन घेऊन, आणि आजवर एकूण किती तास उडालं, हे विचारा आणि उत्तर लेखी घ्या. भारतात नोंदलेल्या प्रत्येक नागरी विमानाच्या आणि हेलिकॉप्टरच्या अंगावर ‘व्हीटी’ने सुरू होणारी अक्षरं असतात. ती लिहून घेऊन डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, नोंदीशी ताडून पाहा. नोंदणी झाली म्हणजे विक्री करता येते असं नाही. त्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्याची रचना सुरक्षित असल्याचं प्रमाणपत्र, लागतं, आणि बहुतेक वर्षं व पैसा तिथेच खर्ची पडतो.

किती वर्षं? अमेरिकेत फ्रँक रॉबिन्सन यांनी 1973 साली कंपनी काढली. त्यांचं दोन आसनी आर-22 पहिल्यांदा उडालं 1975 मध्ये आणि प्रमाणपत्र मिळालं 1979 मध्ये. रॉबिन्सन यांनी आधी मोठमोठ्या हेलिकॉप्टर कंपन्यांत वर्षानुवर्षं काम केलं होतं, तरी इतका काळ गेला. आपल्या एचएएलचं, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं, ध्रुव हेलिकॉप्टर 1992 मध्ये उडालं, सेनादलांकडे आलं 2002 मध्ये. ब्रिटनच्या हिल हेलिकॉप्टर्सने 2020 मध्ये पाच आसनी एचएक्स-50 जाहीर केलं, जगभरातून बुकिंगं घेतली. 2023 मध्ये ग्राहकांना देण्याची भाषा होती. ते वर्ष हेलिकॉप्टर न उडताच सरलं. म्हणून ‘दोन वर्षांत डिलिव्हरी’ असं कुणी म्हणालं, तर आधीच्या किती तारखा चुकल्या ते विचारा.

महाराष्ट्रातलं उदाहरण अमोल यादव यांचं. कांदिवलीच्या गच्चीवर त्यांनी बांधलेलं सहा आसनी विमान 2016 मध्ये मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात हजारोंनी पाहिलं. नोंदणी मिळाली 2017 च्या नोव्हेंबरात, उडण्याचा परवाना 2019 मध्ये. या जिद्दीचं मला मनापासून कौतुक आहे. पण 2018 मध्ये राज्य सरकारशी त्यांच्या कंपनीचा 35,000 कोटींचा सामंजस्य करार झाला तेव्हा तो आकडा मथळ्यांत आला, परवाना मात्र अजून हाती यायचा होता. कराराचा आकडा वाचून गुंतवणूक करू नका.

यानंतर इंजिनाकडे वळा. ते कुणाचं? रॉबिन्सन यांनी लायकमिंग कंपनीचं, विमानांत वर्षानुवर्षं चाललेलं इंजिन घेतलं. हिल हेलिकॉप्टर्स इंजिनही स्वतःच बनवतेय, म्हणजे एकाऐवजी दोन नवी यंत्रं सिद्ध करायची. आर-22 सारख्या छोट्या हेलिकॉप्टरलाही सव्वाशेच्या आसपास अश्वशक्ती लागते. मारुती 800 ची जेमतेम 37. यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीच्या 24 वर्षांच्या तरुणाने त्याच गाडीचं इंजिन लावून हेलिकॉप्टर बांधलं होतं. ऑगस्ट 2021 मध्ये चाचणी चालू असताना पंखा तुटून डोक्याला लागला आणि तो गेला. हुशार, कष्टाळू मुलगा होता. त्याला वेळेवर थांबवणारा एखादा जाणकार अभियंता शेजारी असायला हवा होता. प्रस्ताव आणणाऱ्या कंपनीत असा माणूस कोण, त्याने आधी कुठलं हेलिकॉप्टर उडण्याच्या लायकीचं केलं, हे नावानिशी विचारा. प्रत्यक्ष तोललेलं रिकामं वजनही विचारा. कागदावरचं वजन बांधताना वाढतच जातं. आणि मे महिन्याचं काय? 42 अंशांत हवा 15 अंशांपेक्षा साधारण 9 टक्के विरळ असते, पंख्याला तेवढाच कमी आधार मिळतो. त्या उन्हात भरल्या वजनानिशी तरंगेल का, याचा आकडा हवा.

आता कागद, आणि इथे घाई अजिबात नको. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचा नोंदणी क्रमांक टाका. संचालक कोण, ताळेबंद दरवर्षी भरलाय का, कर्जाचा बोजा किती, सगळं दिसतं. स्टार्टअप म्हणून सरकारी मान्यता असली तरी ती यंत्राच्या दर्जाची हमी नव्हे. कंपनी कायदा 2013 च्या कलम 42 नुसार खासगीरीत्या शेअर देताना कंपनीला जाहिरात करता येत नाही, एजंटांमार्फत लोकांत प्रचार करता येत नाही, रोख घेता येत नाही. वर्षाला साधारण 200 जणांनाच देकार देता येतो आणि तो तुमच्या नावाच्या, क्रमांक घातलेल्या पत्राने. म्हणजे शेअर विकायला एजंट दारोदार फिरतोय, हीच मोठी खूण. पैसे घेतल्यापासून 60 दिवसांत शेअर द्यायचे, नाहीतर पुढच्या 15 दिवसांत पैसे परत.

बुकिंगच्या आगाऊ रकमेचाही नियम आहे: 365 दिवसांत माल देऊन ती वळती झाली नाही, तर सर्वसाधारणपणे ती ठेव धरली जाते, आणि जनतेकडून ठेवी घ्यायला खासगी कंपनीला मोकळीक नाही. द्यायचंच ठरलं, तर रक्कम बँकेच्या एस्क्रो खात्यात, म्हणजे अट पूर्ण झाल्यावरच पैसे सुटतात अशा खात्यात, आणि टप्प्याटप्प्याने: थोडी पहिल्या उड्डाणानंतर, बाकी प्रमाणपत्रानंतर. ‘पहिल्या शंभरात या, भाव वाढणार’ असं म्हणणाऱ्याला आठवडाभर थांबायला सांगा, आणि त्या आठवड्यात कागद सीएला दाखवा.

पैसे आधीच गेले असतील, तर पावत्या, बँकेचा उतारा आणि मोबाइलवरचे मेसेज न पुसता जमवा. जाफराबाद पोलीस ठाण्यात किंवा जालन्याला आर्थिक गुन्हे शाखेकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या, आणि ठेवीदार संरक्षणाचा 1999 चा महाराष्ट्राचा कायदा लागू होतो का ते वकिलाला विचारा.