तपकिरी फर्निचर : आधी लाकूड ओळखा, मग रंग ठरवा

नागपूर रोडवरची नालवाडी आता वर्धा शहरात मिसळून गेली आहे. शेतांचे प्लॉट झाले, प्लॉटवर घरे उभी राहिली, आणि घर झाले की पहिली खरेदी पलंग, सोफा आणि कपाटाची. गिऱ्हाईक दुकानात येऊन लाकडाचे नाव घेत नाही, "ब्राऊन रंगात दाखवा" म्हणते. दुकानदारही ब्राऊन दाखवतो. दोन पावसाळे गेले की कपाटाचा तळ फुगतो, बिजागरीचे स्क्रू जागा सोडतात आणि शिव्या मात्र मिस्त्रीला बसतात, मग ते कपाट त्याने केलेले असो वा नसो. आपल्या समाजातील कितीतरी घरे सुतारकाम, पॉलिश आणि फर्निचरच्या दुकानदारीवर चालतात. म्हणून हा विषय थोडा खोलात जाऊन पाहू.

तपकिरी रंग दोन तऱ्हेचा असतो : मालाच्या अंगचा आणि वरून चढवलेला. हा फरक नालवाडीला नवा नाही. 1930 च्या दशकात विनोबा भावे येथे राहत असताना गोपाळराव वाळुंजकरांनी या गावात चर्मालय चालवले. मेलेल्या जनावरांचे चामडे कमावण्याचा तो उद्योग होता. झाडाची साल आणि हिरडा वापरून कमावलेले चामडे आपसूक तपकिरी निघते. साल जसजशी आत मुरते तसतसा रंग धरतो. असे चामडे कापून पाहिले तर आतही तोच रंग दिसतो. लाकडाचेही तसेच आहे. चांगल्या सागाचा तपकिरी रंग रंधा मारला तरी जात नाही, उलट खुलतो.

सागाचा मधला भाग म्हणजे गाभा सोनेरी तपकिरी असतो आणि त्याच्या अंगच्या तेलामुळे वाळवी त्याला सहसा लागत नाही. बाहेरचा पांढरट भाग मात्र किडीला लवकर बळी पडतो. कोवळ्या झाडात हा पांढरा भाग जास्त असतो. म्हणून नुसते 'सागवान' हे नाव पुरेसे नाही, गाभा किती आहे ते पाहावे. आपल्या विदर्भाला या बाबतीत तोटा नाही. आलापल्ली, बल्लारशा, परतवाडा ही सागाच्या डेपोंची नावे लाकडाच्या धंद्यातल्या माणसाला सांगावी लागत नाहीत. 2023 साली दिल्लीत नवे संसद भवन उघडले, त्यासाठीचे सागवान नागपूरहून गेले होते. डेपोचा माल घेताना पावती आणि वाहतुकीचा पास जपून ठेवा. उद्या कोणी विचारले तर तोंडी उत्तर चालत नाही.

शिसम सागापेक्षा गडद असतो, त्यात काळसर रेषा असतात आणि तो वजनाला भारी. सहारनपूरचे कोरीव स्टूल, पेट्या आणि रिहाल बहुधा याच लाकडाचे. आंबा स्वस्त पडतो, पण त्याला कीड लवकर लागते. तो नीट वाळवून आणि औषध मारून वापरला तर वाईट नाही. वाईट आहे ते त्यावर गडद रंग चढवून सागाच्या भावाने विकणे. लाकडाच्या भुशाचा आणि चिपांचा दाबून केलेला बोर्ड पाण्याने फुगतो, आणि एकदा निघालेला स्क्रू त्याच भोकात पुन्हा घट्ट बसत नाही. रोज ओल्या फडक्याने फरशी पुसणाऱ्या घरात जमिनीला टेकलेले असे कपाट किती दिवस टिकणार, ते गिऱ्हाइकाला आधीच सांगावे. स्वस्त वस्तू विकण्यात लाज नाही. ती कशाची आहे हे न सांगण्यात आहे.

ओळखण्याची रीत सोपी आहे. टेबल उलटे करा, ड्रॉवर बाहेर काढून त्याची मागची बाजू बघा. तेथे पॉलिश नसते. फळीच्या वरच्या रेषा काठावरून खाली उतरत असतील तर ती अखंड फळी. रेषा काठाशी तुटून काठावर वेगळी पट्टी दिसत असेल तर वर पातळ पापुद्रा चिकटवला आहे. जाहिरातीतले 'सागवान फिनिश' बहुतेक वेळा हेच असते. सांध्यातही बघा, लाकडात लाकूड बसवले आहे की नुसते खिळे ठोकले आहेत. वर्ध्याचा उन्हाळा 45 अंशांवर जातो आणि लगेच पावसाळी दमट हवा येते. लाकूड आकसते, फुगते. खिळ्याचा सांधा तेथे ढिला होतो.

पॉलिशबद्दल आमच्याकडे एक खोड आहे, जेवढे गडद तेवढे भारी समजण्याची. खरे तर नव्या सागावर हिरवट-काळपट पट्टे असले तरी उजेडात काही महिन्यांत ते बरेचसे निवळतात. ते लपवायला डांबरासारखा रंग चढवण्याची गरज नाही. पहिल्या काही महिन्यांत टेबलाच्या अर्ध्या भागावर कापड मात्र पसरून ठेवू नका, झाकलेला आणि उघडा भाग वेगळा दिसू लागतो. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे पॉलिश लाकडाला खोली देते आणि खराब झाले तर घरच्या घरी पुन्हा मारता येते, पण गरम चहाचा कप ठेवला की पांढरे वर्तुळ उमटते. हल्लीचे पीयू पॉलिश पाणी आणि उष्णता सोसते, मात्र ओरखडा पडला तर दुरुस्ती अवघड. जेवणाच्या टेबलाला पीयू आणि कपाटाला चपडा, असे आम्हाला योग्य वाटते.

आता घरातली मांडणी. तपकिरी फर्निचर अंधारे दिसते अशी तक्रार येते. दोष बहुधा भिंतीचा असतो. भिंत तपकिरी, पडदा तपकिरी, सोफाही तपकिरी असला तर खोली गोदामासारखी वाटणारच. भिंत चुन्यासारखी पांढरी, साय-रंगाची किंवा फिकट हिरवी ठेवा. सेवाग्रामच्या बापू कुटीत मातीच्या भिंती, बांबू, चटई आणि लाकडाचे ठेंगणे मेज एकत्र किती शांत दिसतात ते अवश्य पाहून या. तपकिरी रंगातही लालसर आणि पिवळसर असे दोन सूर असतात. एका खोलीत दोन छटा चालतात, पण एकच सूर धरावा. नमुन्याची पॉलिश केलेली फळी गिऱ्हाइकाच्या घरी न्या, दुपारी खिडकीशी आणि रात्री दिव्याखाली दाखवा. दुकानातल्या झगमगाटात पसंत केलेला रंग घरी बदलतो आणि मग भांडण.

आकाराचे म्हणाल तर दहा बाय बाराच्या खोलीत भला मोठा सोफा सेट कोंबू नये. चालायला दोन-अडीच फूट वाट सुटली पाहिजे. आपल्याकडे दस्तरखान जमिनीवर पसरण्याची रीत अजून अनेक घरांत आहे. अशा घराला सहा खुर्च्यांच्या टेबलापेक्षा एक रुंद सागवानी तख्त अधिक कामाचे : दिवसा बैठक, रात्री बिछाना, पाहुणे आले तर सोय. वर पांढरी किंवा निळी चादर आणि जवळ पितळेचे एखादे भांडे ठेवले की तपकिरी लाकूड उठून दिसते.

जाता जाता जुन्या मालाबद्दल. इंग्लंडमध्ये महोगनी आणि अक्रोडाच्या जुन्या सामानाला 'ब्राऊन फर्निचर' म्हणतात. 2000 नंतर तरुण कुटुंबांनी त्याकडे पाठ फिरवली आणि भाव कोसळले. आपल्याकडेही जुना वाडा पाडला की सागाचे दरवाजे, कपाटे, पलंग कबाड्याकडे वजनावर जातात, आणि तेच घर हप्त्यावर बोर्डाचे कपाट घेते. ज्याच्या हातात रंधा आहे त्याच्यासाठी ही कमाईची जागा आहे. पन्नास वर्षे वाळलेले लाकूड आता फारसे वाकत नाही. पलंगाचे उंच खांब कापून दिवाण होतो, दरवाजाच्या फळ्यांचे टेबल होते. फक्त करवत लावण्यापूर्वी चुंबक फिरवून जुने खिळे शोधा, पांढऱ्या भागात किडीची बारीक भोके आणि पिठासारखी भुकटी आहे का ते पाहा, आणि दर सांगताना रंग खरवडण्याची मजुरी वेगळी लिहून द्या. त्या कामाला वेळ नव्या कामाइतकाच लागतो.