कॉमिक कॉनला पहिल्यांदा जाताय? तिकिटापलीकडचा खर्च आधी मांडा

मुंबई कॉमिक कॉनचे एका दिवसाचे साधे तिकीट अलीकडे साधारण नऊशे ते हजार रुपयांच्या घरात असते. तेवढ्यावर भागेल असे धरून निघालात, तर दुपारीच खिसा चाचपावा लागेल. डोंबिवलीहून एकट्याने जाणाऱ्याला प्रवास, खाणे आणि एखाद-दुसरी आवडीची वस्तू धरून अडीच हजार रुपये लागतात. ठाण्याहून चौघे गाडीने गेलात, तर सात-आठ हजारांची तयारी ठेवा. यातले बरेच पैसे वाचवता येतात, पण त्याची तयारी आदल्या आठवड्यात करावी लागते. हॉलमध्ये शिरल्यावर फारसे काही हातात उरत नाही.

आधी ठिकाण आणि तारीख. २०२४ मध्ये २० आणि २१ एप्रिलला, २०२५ मध्ये १२ आणि १३ एप्रिलला हा मेळा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटरमध्ये भरला. त्याआधी तो गोरेगावच्या बॉम्बे एक्झिबिशन सेंटरमध्ये, म्हणजे लोक ज्याला नेस्को म्हणतात तिथे, डिसेंबरात भरत असे. मित्राच्या जुन्या आठवणीवर विसंबून गोरेगावला उतरू नका. तिकिटावरचा पत्ता वाचा. वेळ साधारण सकाळी ११ ते रात्री ८.

शनिवार की रविवार? कल्याण-डोंबिवलीकरांनी डोळे झाकून शनिवार घ्यावा. रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असतो, बहुतेक वेळा माटुंगा ते मुलुंड किंवा ठाणे ते कल्याण या पट्ट्यात आणि नेमका सकाळी ११ ते दुपारी ४ च्या सुमारास. जलद गाड्या धीम्या मार्गावर येतात, धीम्या आणखी धीम्या होतात आणि तुम्ही दारे उघडण्याच्या वेळी विक्रोळीला लटकलेले असता. रविवारचेच तिकीट हाती असेल, तर शुक्रवार-शनिवारच्या वर्तमानपत्रात ब्लॉकची बातमी बघा आणि सकाळी दहाच्या आत कुर्ला गाठा. शनिवारचा दुसरा फायदा असा, की स्टॉलवरचा माल पूर्ण असतो. रविवारी संध्याकाळी काही विक्रेते भाव उतरवतात हे खरे, पण तोवर तुमच्या मापाचा टी-शर्ट संपलेला असतो.

तिकीट फक्त आयोजकांच्या संकेतस्थळावरून किंवा तिथल्या दुव्यावरूनच काढा. पैसे भरण्याआधी शेवटचा पडदा नीट वाचा, कारण वर दिसणाऱ्या आकड्यात बुकिंग शुल्क आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी नंतर मिळवला जातो. चार तिकिटे काढली की हा फरक जाणवतो. विक्री सुरू होताना भाव कमी असतो आणि तारीख जवळ येईल तसा तो चढतो, त्यामुळे जायचे नक्की असेल तर रेंगाळू नका. रद्द केल्यास पैसे परत मिळतात का, दिवस बदलता येतो का आणि किती वर्षांखालच्या मुलांना मोफत प्रवेश आहे, या तीन गोष्टी नियमांत शोधा आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा.

‘सुपरफॅन’ नावाचे महागडे तिकीट साध्याच्या दोन-तीन पट किमतीचे असते. त्यात वेगळी रांग आणि भेटवस्तूंचा डबा मिळतो. पहिल्याच वर्षी ते घेऊ नका. डब्यातल्या वस्तू तुमच्या आवडत्या मालिकेच्या असतीलच असे नाही, आणि साध्या तिकिटावरही कॉमिक किंवा पोस्टर यांसारखी काहीतरी भेट मिळते. ती मात्र आत गेल्या गेल्या काउंटरवरून घ्या. ‘जाताना घेऊ’ म्हणणाऱ्यांना संध्याकाळी संपल्याचे सांगतात.

व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर ‘जादा तिकीट आहे, निम्म्यात देतो’ असे कोणी म्हणाले, तर सरळ नाही म्हणा. क्यूआर कोड एकदाच चालतो. तोच कोड पाच जणांना विकला असेल, तर पहिला आत जातो आणि उरलेले चौघे गेटवर भांडतात. फसवणूक झालीच, तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर त्याच दिवशी फोन करा. जितका उशीर, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता कमी.

आता प्रवास. सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे कुर्ल्याला उतरून पश्चिमेला बाहेर पडणे. ठाण्याहून काय किंवा कल्याणहून काय, लोकलच्या दुसऱ्या वर्गाला एका बाजूने दहा-पंधरा रुपयेच लागतात. परतीचे तिकीट सकाळीच काढा, रात्री कुर्ल्याच्या खिडकीवर उभे राहायचे त्राण उरत नाही. स्थानकाबाहेर बेस्टची ३१० क्रमांकाची बस मिळते, ती बीकेसीतून वांद्र्याला जाते. मे २०२५ पासून बेस्टचे किमान भाडे साध्या बसला १० आणि एसी बसला १२ रुपये आहे.

रिक्षाबाबत सावध राहा. स्थानकातून बाहेर येताच ‘बीकेसी, बीकेसी’ असा पुकारा ऐकू येतो. हातात फोमची तलवार किंवा डोक्यावर निळा विग दिसला, की भाडे दीडशे-दोनशे सांगितले जाते. फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत रिक्षाचे किमान भाडे २६ रुपये आहे आणि हे अंतर मीटरने साठ-सत्तर रुपयांत बसते. शेअर रिक्षा असेल तर माणशी किती, हे बसण्याआधी विचारा आणि ‘कन्व्हेन्शन सेंटरच्या गेटपर्यंत’ असे स्पष्ट सांगा, नाहीतर अलीकडच्या चौकात उतरवून ‘समोरच आहे’ म्हणतात. एप्रिलच्या उन्हात ते समोर फार लांब वाटते.

घासाघीस नको असेल, तर घाटकोपरला उतरा, मेट्रो १ ने मरोळ नाक्याला जा आणि तिथे मेट्रो ३ पकडून बीकेसी स्थानकावर या. वळसा पडतो आणि दोन्ही मिळून साधारण साठ-सत्तर रुपये जातात, पण सगळा प्रवास गारव्यात होतो आणि वाहतूक कोंडीचा प्रश्न येत नाही. लहान मुले किंवा नाजूक पोशाख सोबत असेल, तर मी हाच मार्ग सुचवेन.

गाडी नेणाऱ्यांसाठी एक चांगली बातमी: १५ ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोल नाही. त्यामुळे आनंदनगर आणि एलबीएस मार्गावरचा ठाणेकरांचा जुना भुर्दंड संपला. पण पार्किंगचे पैसे तासावर वाढत जातात आणि संध्याकाळी बाहेर निघायलाच बराच वेळ लागू शकतो. ओला-उबरने परतणार असाल, तर रात्री आठला गेटवर उभे राहून बुकिंग करू नका. सगळे तेव्हाच बाहेर पडतात आणि भाडे वर उडी मारते. साडेसहा-सातला निघा, किंवा बसने कुर्ल्याला येऊन लोकल धरा.

कागदपत्रे फारशी लागत नाहीत, पण जी लागतात ती फोनच्या पोटात अडकलेली नसावीत. तिकिटाची पीडीएफ आधीच उतरवून ठेवा, कारण गर्दीत नेटवर्क रखडते. आधार किंवा कॉलेजचे ओळखपत्र, लहान मुलाचा वयाचा पुरावा, पॉवर बँक आणि सुट्ट्या नोटांत पाचशे-हजार रुपये जवळ ठेवा. यूपीआय चालते, पण नेटवर्क गेले की स्टॉलवाला आणि तुम्ही दोघेही फिरत्या चकतीकडे बघत बसता. मनगटावरचा पट्टा काढू नका. एकदा बाहेर पडल्यावर पुन्हा आत सोडतात का, हे पट्टा बांधणाऱ्यालाच विचारा. जेवायला बाहेर जायचा तुमचा बेत त्या उत्तरावर ठरेल.

खाणे आत महाग आहे. एका माणसाच्या साध्या जेवणाला आणि एका थंड पेयाला चार-पाचशे रुपये धरा. सकाळी घरून पोटभर खाऊन निघा, म्हणजे एकदाच खाऊन भागते. बाहेरचे पदार्थ बहुधा आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे पोळी-भाजीचा डबा बीकेसीत शिरायच्या आधीच संपवा. रिकामी पाण्याची बाटली मात्र बॅगेत ठेवा आणि आत पिण्याचे पाणी कुठे भरता येते ते विचारा.

पैसे खऱ्या अर्थाने जातात ते स्टॉलवर. कीचेन, बिल्ले आणि स्टिकर शंभर-तीनशे रुपयांत, टी-शर्ट सहाशे ते हजार-बाराशे, संग्राह्य बाहुल्या दीड-दोन हजारांपासून पुढे, असे साधारण भाव असतात. पहिला तासभर काहीही विकत घेऊ नका, फक्त फिरा. एकच पोस्टर तीन स्टॉलवर तीन भावांनी दिसेल. जपानी पात्रांच्या बाहुल्यांत नकली माल बराच असतो. खोक्यावरचा छाप फिकट, परवान्याचे होलोग्राम स्टिकर गायब, रंग ओठांच्या वा डोळ्यांच्या रेषेबाहेर आलेला, सांध्यावर प्लास्टिकची कड राहिलेली, अशा खुणा दिसल्या तर मूळ किमतीच्या जवळपास पैसे देऊ नका. खोका उघडून दाखवा म्हणा. प्रामाणिक विक्रेता नाही म्हणत नाही.

माझा कल कलाकारांच्या टेबलांकडे आहे. तिथे चित्रकार स्वतः बसलेला असतो, तुम्ही दिलेले पैसे थेट त्याला मिळतात आणि प्रतीवर सहीदेखील मिळते. अभिजीत किणी यांची ‘अँग्री मावशी’ अशाच स्वतंत्र मुंबईकर कॉमिक्सपैकी आहे. आंतरराष्ट्रीय ब्रँडची बाहुली ऑनलाइनही मिळेल, पण सही केलेले कॉमिक मिळायला प्रत्यक्ष टेबलापाशीच जावे लागते. परदेशी पाहुण्यांची सही किंवा फोटो हवा असेल, तर त्याचे टोकन वेगळे आहे का, त्याला वेगळे पैसे पडतात का, हे सकाळीच विचारा.

पात्राचा पोशाख करून जायचे असेल, म्हणजे कॉस्प्ले, तर खर्चाचे तीन रस्ते आहेत. तयार पोशाख भाड्याने हवा असेल, तर तुमच्या भागातल्या ड्रेपरीवाल्याकडे जा. शाळेच्या स्नेहसंमेलनांना कपडे पुरवणारे हे लोक राजे, सैनिक आणि पौराणिक पात्रांत पक्के असतात, जपानी मालिकांत नाही. भाड्याइतकीच किंवा जास्त अनामत मागतात, म्हणून कपडा घेतानाच डाग आणि उसवण यांचे फोटो काढा. स्वतः बनवणार असाल, तर कापड उल्हासनगरच्या बाजारात आणि सुतळी, लेस, बटणे ठाण्याच्या जांभळी नाक्यावर स्वस्त पडतात. फोम शीट, ग्लू गन, रंग आणि विग धरून पहिला पोशाख दीड ते तीन हजारांत होतो. कुशल कारागिराकडून करून घेतला, तर आठ-दहा हजारांच्या खाली क्वचितच येतो आणि दीड-दोन महिने आधी सांगावे लागते.

ग्लू गनने चिकटवलेले जोड एप्रिलच्या उन्हात सैल पडतात. खांद्यावरचे चिलखत आणि पट्ट्याचा जोड रबर सोल्युशनने चिकटवा, वरून दोन टाके घाला, आणि खिशात सेफ्टी पिना व छोटी फेविक्विक ठेवा. हॉलमध्ये दुरुस्ती करत बसलेली मुले तुम्हाला दिसतीलच.

धातूचे पाते, खरे शस्त्र, काच किंवा धारदार टोक चालत नाही. गेटवर तपासणी होते आणि नाकारलेली वस्तू बाहेरच ठेवावी लागते. लोकलमध्ये तलवार किंवा बंदुकीची प्रतिकृती उघडी नेऊ नका, चादरीत गुंडाळा. पोलिसांनी विचारलेच, तर तिकीट दाखवून शांतपणे सांगा. मुखवटा आणि पंख बॅगेत, पोशाख आत गेल्यावर कपडे बदलण्याच्या खोलीत. सकाळच्या लोकलच्या गर्दीत पंख चढवून शिरणे हे तुमच्या कष्टांवर आणि सहप्रवाशांवरही अन्याय आहे. फोटो काढताना आधी विचारा, मुलींच्या बाबतीत तर दोनदा. तुमचा फोटो कोणी न विचारता काढला किंवा अंगाला हात लावला, तर लगेच जवळच्या स्वयंसेवकाकडे जा. गर्दी आहे म्हणून गप्प बसू नका.

शेवटी बिल. प्रत्येक खरेदीचे बिल मागा, छापील नसेल तर हाताने लिहिलेले घ्या आणि स्टॉलचे नाव, क्रमांक दिसेल असा फोटो काढा. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष मालाला लागू होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणेही त्यातच येते. आधी आयोजकांच्या मदत कक्षाला लेखी कळवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवा. त्यानेही भागले नाही, तर खरेदी मुंबईत झाली असली तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात, तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला त्याचे शुल्क शून्य आहे आणि वकील सक्तीचा नाही. तक्रार ऑनलाइनही भरता येते, म्हणून बिल, स्टॉलचा फोटो आणि पैसे भरल्याचा संदेश एकाच फोल्डरमध्ये घरी पोहोचायच्या आधीच जमा करून ठेवा.