डोंगरउतारावरील कॉफी आणि लहान खातेदार

महाराष्ट्रात कॉफीचा विषय निघाला म्हणजे अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याचे नाव हटकून घेतले जाते. सातपुड्याच्या गाविलगड रांगेत, सुमारे अकराशे मीटर उंचीवर वसलेल्या या गावी इंग्रजी अमदानीपासून कॉफीची झाडे आहेत. कॉफी म्हणजे मोठ्या मळेवाल्यांचे पीक, असा समज मात्र आपल्याकडे रूढ आहे. तो बरोबर नाही. भारतातील बहुसंख्य कॉफी उत्पादक लहान खातेदारच आहेत. चिखलदऱ्याच्या परिसरात हे पीक विस्तारले नाही याची कारणे शोधताना म्हणूनच उंचीपेक्षा पाणी, सावली आणि काढणीनंतरची व्यवस्था यांकडे पाहिले पाहिजे.

प्रथम पाण्याविषयी. कॉफीच्या कळ्या उन्हाळ्याच्या आरंभी सुप्तावस्थेत असतात. एक चांगली सर आली की आठदहा दिवसांत सारे झाड पांढऱ्या फुलांनी भरून जाते. पुढे दोनतीन आठवड्यांनी आणखी एक सर मिळाली म्हणजे फळधारणा टिकते. कर्नाटकातील कोडगू आणि चिकमगळूर भागांत मार्च-एप्रिलचा वळीव हे काम बहुधा करतो. सातपुड्यात वळवाचा असा भरवसा धरता येत नाही. पावसाळ्यात कितीही पाणी कोसळले तरी ते या दोन सरींची उणीव भरून काढीत नाही. म्हणून मार्चपर्यंत पाणी टिकेल असे शेततळे किंवा विहीर असल्यावाचून रोपे लावू नयेत.

सावलीचा प्रश्न याहून नाजूक आहे. शेत मोकळे केल्यास पहिली काही वर्षे उत्पन्न अधिक दिसते, हे खरे. परंतु उघड्या उन्हात अराबिका जातीचे झाड लवकर थकते आणि पांढऱ्या खोडकिड्याला आयतेच सापडते. या किडीची मादी उन्हाने तापलेल्या खोडाच्या सालीतील भेगांत अंडी घालते. अळी आतून खोड पोखरते, आणि वरची पाने पिवळी पडेपर्यंत बाहेर फारसा पत्ता लागत नाही. असे झाड उपटून जाळणे हाच उपाय. शेतकऱ्याचा हात तेथे अडखळतो; पण एक झाड वाचविण्याच्या मोहात शेजारची दहा जातात. बांधावरची व शेतातील जुनी झाडे राखावीत, उणीव असेल तेथे पांगारा किंवा सिल्व्हर ओक लावावा. या झाडांवर मिरीचे वेल चढविता येतात. कॉफीला पहिले फळ येण्यास तीनचार वर्षे लागतात आणि भाव पडलेल्या साली घराला दुसरा आधार हवा असतो.

आता हिशोब. सहा फुटांच्या अंतराने वीस गुंठ्यांत सुमारे सहाशे रोपे बसतात. प्रत्येक झाडाने एक किलो पक्के फळ दिले असे धरले तर सहाशे किलो फळ मिळेल. आणि सहा किलो फळांपासून साधारण एक किलो तयार बी निघते. म्हणजे हाती येणार शंभर किलो. एवढ्या मालासाठी एका घराने गर काढण्याचे यंत्र घेणे परवडत नाही. मग फळ तसेच व्यापाऱ्याला दिले जाते, आणि त्याची गाडी एकदाच येणार म्हणून हिरवी, लाल सारी फळे एका ओढीत ओरबाडली जातात. नुकसान होते ते येथे. फळे एकाच वेळी पिकत नाहीत; दहापंधरा दिवसांच्या अंतराने चारपाच वेळा तोडणी करावी लागते.

आंध्र प्रदेशातील अराकू खोऱ्यात आदिवासी शेतकऱ्यांनी ही अडचण सहकाराने बरीच दूर केली. पक्की फळे एका केंद्रावर आणून तेथे प्रक्रिया करण्याची पद्धत त्यांनी अंगीकारली, आणि 2019 मध्ये तेथील अराबिका कॉफीला भौगोलिक मानांकन मिळाले. वीसपंचवीस घरे एकत्र आली तर आपल्याकडेही एक यंत्र, एक हौद आणि एक सिमेंटचे खळे एवढ्यावर काम सुरू होऊ शकते.

तोडलेली फळे प्रथम पाण्यात टाकावीत व तरंगणारी पोकळ फळे वेगळी करावीत. त्याच दिवशी गर काढावा. बियांवरचा बुळबुळीत थर सुटण्यासाठी त्या हौदात साधारण एक ते दीड दिवस ठेवाव्यात. थंडी अधिक असल्यास वेळ वाढतो. मूठभर बी चोळून खरखरीत लागले की धुवावे. नंतर खळ्यावर पातळ पसरून, वरचेवर हलवून, ओलावा दहा टक्क्यांवर येईपर्यंत वाळवावे व रात्री झाकून ठेवावे. पोती कांदा, खत किंवा रॉकेल यांच्या शेजारी मुळीच रचू नयेत. कॉफी दुसऱ्याचा वास फार लवकर ओढून घेते.